तिसऱ्या चहाचे भावोजी

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बेकरी चालवतात. त्यांच्या पावाला गावात कोणी नावं ठेवत नाही आणि कोणी फार वाखाणतही नाही. पाव तो पाव. पण कुणाच्या स्वयंपाकघरात बसून त्याची जमीन वाचवावी तर ती भावोजींनीच, हे त्यांचे वैरीही मान्य करतात. वैरी म्हणजे मुख्यतः आमची ताई.

जमीन वाचवणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही कोर्टकचेऱ्या करतो. आमच्या गावात एक मंडळ आहे. त्याचं खरं नाव इतकं लांबलचक आहे की अध्यक्षबाईंनाही ते एका दमात म्हणता येत नाही. गाव आम्हाला 'गवतवाले' म्हणतं. गावाबाहेर ओढ्याच्या दोन्ही अंगांना ज्यांच्या मोकळ्या जमिनी आहेत त्यांच्याकडे आम्ही जातो आणि म्हणतो, बाबा रे, मालकी तुझीच राहू दे, फक्त एवढा शब्द दे की इथे तू किंवा तुझ्या मागून येणारा कोणीही बांधकाम करणार नाही. शब्द एकदा नोंदवला की कायमचा. मग दर शनिवारी आम्ही तिथे जातो, माजलेल्या वेली उपटतो, ओढ्यातले टायर आणि फुटक्या बादल्या बाहेर काढतो, वाहून गेलेल्या काठाला दगड लावतो. आणि मालकाला बदल्यात काय? तर त्याच्या हद्दीच्या दगडांना पांढरा चुना. हे लोक फुकट जमीन घेतात आणि वर चुना लावतात, असं गावातले टवाळ म्हणतात. म्हणोत बापडे.

मालकाकडे जायचं ते जोडीनं, हा मंडळाचा नियम. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं पुढ्यात येईल ते खायचं आणि गप्प बसायचं. भावोजी बोलायचे, मी खायची. मी गप्प बसायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आता दिसतंय का' विचारून माझी जीभ कधी जागेवर राहत नाही. पण मंडळाच्या बैठका माझ्याच दुकानाच्या माळ्यावर होतात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

भावोजींची पद्धत गावभर ठाऊक होती. पहिल्या भेटीत जमिनीचं नाव काढायचं नाही. पहिल्या चहाला हवापाणी. काही दिवसांनी दुसरा चहा, त्याला तब्येतपाणी. तिसऱ्या चहाला भावोजी अशा काही निवांतपणे कपात बघत बसायचे की मालकच कासावीस व्हायचा. लाकडाच्या वखारीच्या मालकीणबाईंचंच घ्या. तिसऱ्या चहाला त्यांनी बशी आपटली.

"बरं, त्या जमिनीचं काय म्हणत होतात?"

"मी?" भावोजी दचकल्यासारखे. "मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीत म्हणूनच विचारतेय! कधी म्हणणार आहात?"

त्याच आठवड्यात बाईंनी शब्द दिला. गाव भावोजींना 'तिसरा चहा' म्हणायला लागलं ते तेव्हापासून. ताईला ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं," ती म्हणायची, "आणि वर त्याचं कौतुक करून घ्यायचं. मला मागणी घालायला आले तेव्हाही असंच. बाबांनी शेवटी कंटाळून विचारलं, की तुम्ही लग्नाचं बोलायला आलात की वाट चुकलात?"

तर अशा भावोजींचं घोडं अडलं ते मधल्या तुकड्यापाशी.

ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गवताळ माळरान. खालच्या अंगाला पाणथळ. दोन्हीकडच्या मालकांचा शब्द आलेला. हवा ओली आणि उबदार झाली की वरच्या माळावरचे बेडूक अंडी घालायला खालच्या पाणथळीत उतरतात. त्यांच्या वाटेत बरोबर मध्ये एक जमीन होती. दगडगोट्यांची, काही पिकत नव्हतं, टिटव्या तेवढ्या उघड्यावर घरटी करायच्या. ती बांधली गेली की वरचं वर आणि खालचं खाली. दोन खोल्यांचं घर आणि मधलं दारच बंद, असला प्रकार. आणि ही जमीन होती भावोजींच्या सख्ख्या धाकट्या भावाची.

त्याला सगळे 'धाकटे'च म्हणतात. केस पांढरे झाले, बसच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला, तरी धाकटे. दोघा भावांचं भांडण नव्हतं. असतं तर मिटवता आलं असतं. लग्नाकार्यात समोर आले तर "कसं काय?", "बरंय" एवढं व्हायचं. पण वडील गेल्यापासून एकानं दुसऱ्याच्या घरचा उंबरा ओलांडलेला नव्हता. वडिलांच्या मागे राहिलं होतं दोनच: बेकरी आणि ती दगडगोट्यांची जमीन. भावोजींनी मोठेपणानं वाटणी केली, बेकरी स्वतःकडे, जमीन धाकट्याला. तेव्हा जमीन बेकरीपेक्षा मोठी दिसत होती, त्यामुळे भावोजींना मनापासून वाटत होतं की आपण भावाला झुकतं माप दिलं. धाकट्यानं मान डोलावली, आगारात नोकरी धरली आणि बोलणं बंद केलं. का, ते भावोजींना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारणं त्यांच्या स्वभावातच नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

मग कळलं की हमरस्त्यावरच्या गोदामवाल्याला धाकट्यांची जमीन हवी आहे. नवं गोदाम, पुढे ट्रक उभे करायला सिमेंटचं अंगण. अध्यक्षबाई निवृत्त मास्तरीण आहेत, त्यांनी माळ्यावरच्या बैठकीत चष्मा पुसून परत लावला आणि म्हणाल्या, "हे काम तुमचंच." भावोजींनी पायातल्या चपलेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "चल," म्हणाले.

पहिल्या दिवशी दार धाकट्यांच्या बायकोनं उघडलं. क्षणभर ती बघतच राहिली. मग "या दादा," म्हणाली आणि आत जाऊन इतक्या जोरात भांडी वाजवायला लागली की तिला आनंद झाला की राग आला ते कळेना. स्वयंपाकघर लहान, खिडकीत अवजारांची पेटी, टेबलावर पुसून लख्ख केलेलं मेणकापड. धाकटे आले, बसले. नखांत अजून ग्रीसची काळी रेघ होती.

"काय दादा."

"काही नाही. हवा बदलली."

"हो. बदलली."

एवढ्यावर पहिला चहा झाला. मी पत्र्याच्या डब्यातून पुढे आलेला पावाचा तुकडा उचलला, खाल्ला आणि थांबले. वरून कुरकुरीत, आतून कापसासारखा. जन्मभर मी बहिणीच्या घरचा पाव खात आलेय, असा पाव तिथे एकदाही खाल्ला नव्हता.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"ह्यांनीच केला," धाकट्यांची बायको म्हणाली. "दर रविवारी करतात. पीठ मळायला मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

भावोजींनी आपला तुकडा उलटा करून खालची बाजू बघितली, टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं. मग खाल्ला, सगळा. बोलले काहीच नाहीत. घरी जातानाही नाही.

दुसरा चहा झाला. तिसरा झाला. आता धाकटे जमिनीचं काढतील म्हणून मी टेबलाखाली हात आवळून बसले होते. धाकट्यांनी काढलं ते आगाराचं. एक ड्रायव्हर दरवेळी गाडी बंद पडली की बाहेर येऊन चाकाला लाथ मारायचा आणि गाडी सुरू व्हायची, तो निवृत्त झाला तेव्हा ती लाथ शिकवून जा म्हणून सगळ्यांनी त्याला गराडा घातला होता. भावोजी हसले. मी त्यांना इतकं हसताना ताईच्या लग्नापासून पाहिलं नव्हतं. धाकटेही हसले. हसताना दोघांचे खांदे सारखेच हलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे आम्ही जातच राहिलो. चौथा चहा, पाचवा, मग मोजायचं सोडलं. लहानपणी बेकरीच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांत लपायचे ते निघालं, आईनं एकाला मारलं की दुसरा आधीच रडायचा ते निघालं. जमीन निघाली नाही. माझ्या जिभेवर दरवेळी यायचं आणि दरवेळी भावोजी टेबलाखालून माझा पाय दाबायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बैठकीत अध्यक्षबाईंचा धीर सुटला. "अहो, गोदामवाला दर आठवड्याला खेपा घालतोय. तुम्ही तिथे चहा पिता की आंघोळ करता?"

भावोजी खाली मान घालून बसले. सगळे गेल्यावर मी दिवे मालवत होते, तेव्हा जिन्यात थांबून त्यांनी मला सांगितलं. "तुला वाटतं मला ती जमीन नको आहे? त्या माळावर मी पाठ मोडेपर्यंत वेली उपटल्यात. पण आता कुठे तो माझ्याकडे बघून बोलायला लागलाय. जमिनीचं तोंडातून काढलं की तो म्हणणार, एवढ्यासाठीच आला होतास. परत दार बंद. मग मी काय बेडकांशी बोलू?"

"अहो, पण नाही विचारलं तर जमीन जाणार."

"जमीन गेली तर जमीन जाईल," ते म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. "तो गेला तर?"

मी दुकानाला कुलूप लावलं.

नंतरच्या खेपेला धाकट्यांच्या घरी चहा आधीच ओतून ठेवलेला होता, जरा गार झालेला. डब्यात पाव नव्हता. धाकट्यांची बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. आम्ही बसलो तसे धाकटे म्हणाले, "जमीन दिली. काल सही झाली."

"हो का," भावोजी म्हणाले. चमचा घेऊन चहा ढवळायला लागले. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

नियम गेला खड्ड्यात, म्हटलं. "अहो धाकटे, आम्ही इतके दिवस कशासाठी येत होतो ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की. सगळ्या गावाला ठाऊक आहे तिसरा चहा."

"मग?"

"मग काय? वाट बघत होतो." धाकटे माझ्याशी बोलत होते, पण बघत होते भावाकडे. "गोदामवाल्याला एक तारीख दिली, मोडली. दुसरी दिली, ती मोडली. म्हटलं, आज विचारेल. आज नाही तर पुढच्या वेळी विचारेल. शेवटी त्यानं सांगितलं, आता नाही तर मी दुसरीकडे बघतो. त्या दिवशीही तुम्ही आलात. लाथ मारणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट परत ऐकलीत आणि गेलात."

भावोजींचा चमचा थांबला. "मला वाटलं, विचारलं तर म्हणशील जमिनीसाठीच आला."

"म्हणालो असतो. चार शिव्याही घातल्या असत्या. आणि दिली असती." धाकट्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दादा, बाबा गेले तेव्हा बेकरी मला हवी होती. पीठ माझ्या हाताला कळायचं, बाबाही म्हणायचे. तू विचारलं नाहीस. जमीन देऊन टाकलीस. आता ती जमीन तुला हवी होती, तीही विचारली नाहीस. तुझं विचारणंच नाही कुणाला कधी."

ओट्याजवळून हुंदका आला. मलाही रडू आलं, पण ते रागानं. कुणाच्या रागानं ते विचारू नका, दोघांच्याही. भावोजी उठले, कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, भावाच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला. रस्त्यात एकच वाक्य बोलले. "पाव बघितला तेव्हाच कळायला हवं होतं."

गोदाम झपाट्यानं उभं राहिलं. हद्दीला आधी पत्रे लागले, मग पत्र्यांच्या वर छप्पर दिसायला लागलं. टिटव्या काही दिवस वरून ओरडत फिरल्या आणि गेल्या. भावोजी धाकट्यांकडे जायचे थांबले. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणायचे. तिकडून धाकटेही आले नाहीत. ताईनं दोघांना यथेच्छ शिव्या घातल्या, एकाला तोंडावर आणि दुसऱ्याला मागून. मंडळाचं काम चालूच होतं. भावोजी शनिवारी यायचे, वेली उपटायचे, पण कुणाच्या घरी जायचं म्हटलं की नकार. मी दुसऱ्या एका जोडीदाराबरोबर जायला लागले. तो पहिल्याच चहाला नकाशा काढतो आणि दुसरा चहा कुणी देत नाही.

मग हवा ओली झाली आणि बेडूक उतरले. त्यांना काय ठाऊक, मध्ये गोदाम झालंय ते. कंपाउंडच्या खालच्या फटीतून आत शिरले, दिवसभर तापलेल्या सिमेंटवर पसरले आणि ट्रकच्या चाकांखाली गेले. सकाळी अंगण बघवत नव्हतं. गोदामवाला स्वतः अध्यक्षबाईंकडे आला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गोदाम हवं होतं. म्हणाला, काय करायचं ते करा, पण हे मला बघवत नाही. मग ठरलं की दिवेलागणीला एक तास ट्रक थांबवायचे आणि आपण बेडूक बादल्यांत उचलून अंगणापलीकडे पाणथळीत सोडायचे. बेडकांचं उतरणं आटोपेपर्यंत, रोज.

काम साधं, पण हात पुष्कळ लागतात. बेडूक काही रांगेत येत नाहीत. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे मिळून निम्मेही उचलू शकलो नाही. वाकून वाकून कमरेचे तुकडे पडले. अध्यक्षबाई बादलीवर बसल्या, मग आत बेडूक आहेत हे आठवून किंचाळत उठल्या. त्या म्हणाल्या, उद्या प्रत्येकानं एकेक माणूस जास्तीचा आणायचा, मेव्हणा, शेजारी, कोणीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी माझ्या दुकानात आले. हाताला पीठ तसंच होतं. "चल," म्हणाले.

मी दुकान अर्धं बंद करून निघाले. रस्ताभर ते काहीतरी पुटपुटत होते, परीक्षेला चाललेल्या पोरासारखे. धाकट्यांच्या फाटकाशी थांबले. आत गेले नाहीत. धाकट्यांची बायको दारात आली, बघून म्हणाली, "या ना दादा, चहा टाकते."

"चहा नको," भावोजी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. मागून धाकटे आले. भावोजींनी फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरली होती, त्यावर पिठाचे ठसे उमटत होते.

"विचारायला आलोय," ते म्हणाले. मग परत, "तुला विचारायला आलोय. बेडूक उचलायला येशील का? माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही."

धाकट्यांनी भावाच्या हातांकडे बघितलं. मग दाराआड वाकले आणि बादली उचलून बाहेर आले. स्वच्छ घासलेली, तळाला ओल्या गवताची मूठ घातलेली.

"माणसं हवीत हे कानावर आलं, कालपासून तयार ठेवलीय," त्यांची बायको मला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "म्हणाले, असू दे दारातच. बघू, विचारतो का."